दिराविरुद्ध एक मत

इदालिना कामाराला अमेरिकेची नागरिक व्हायचं होतं ते देशप्रेमापोटी नव्हे. तिला आपल्या दिराच्या विरोधात मत द्यायचं होतं. तिनं ते कधी लपवलं नाही, मग मी तरी कशाला लपवू?

अमेरिकेतल्या आमच्या फॉल रिव्हर गावात भांडणं मी पुष्कळ पाहिली. कापडगिरणीत दोन भाऊ शेजारशेजारच्या मागांवर वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलता काम करायचे. एकाला दुसऱ्याकडून काही हवं असलं की निरोप माझ्यामार्फत जायचा, आणि शिव्यासुद्धा. पण इदालिना आणि ग्वाल्तेर यांचं भांडण निराळंच होतं. त्या चुलीला रोज ताजं सरपण मिळायचं.

इदालिनाचा नवरा आणि ग्वाल्तेर सख्खे भाऊ. पोर्तुगालच्या साओ मिगेल या आमच्या बेटावरून दोघं बरोबरच आले, शेजारशेजारची घरं घेतली आणि दोन्ही परसांवर मिळून एकच द्राक्षांचा मांडव घातला. वेलाचं मूळ इदालिनाच्या अंगणात, घड निम्मे ग्वाल्तेरच्या. नवरा होता तोवर दोघे भाऊ त्याच मांडवाखाली बसून वाईन प्यायचे. तो गेला, आणि घड कुणाचे, पानांचा कचरा कुणाचा, इथून सुरुवात झाली.

पण खरी ठिणगी पडली ती मुकुटावरून. पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट ईस्टरनंतर सात घरी एकेक आठवडा मुक्कामाला जातो. कुणाच्या घरी जायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी दार उघडं, दिवे लावलेले, जपमाळेला शेजारपाजार गोळा, आणि येईल त्याला गोड पाव. ज्याच्या घरी मुकुट येतो त्याची मान वर्षभर ताठ असते. हा उत्सव भरवणाऱ्या आमच्या हॉलचा, म्हणजे बेटकऱ्यांच्या मंडळाचा, अध्यक्ष होता ग्वाल्तेर. त्या वर्षी सगळ्यांदेखत चिठ्ठ्यांच्या घड्या घालताना त्यानं इदालिनाची चिठ्ठी बाजूला काढून ठेवली.

"वहिनी, तुम्ही हिवाळाभर बेटावर असता," तो म्हणाला. "मुकुट यजमानाच्या घरी जातो, पाहुण्याच्या नाही."

हॉलच्या जेवणात लोक सूप पीत होते, त्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली, पण कान उघडे ठेवले.

"माझ्या घरी देव हिवाळ्यातसुद्धा येतो, भाऊजी," इदालिना म्हणाली. "तुमच्याकडं तो उन्हाळ्यातही पाय ठेवत नाही."

आणि ताट तसंच टाकून निघून गेली. मे महिन्यात ती बेटावर गेली ती रागानं धुमसतच. तिकडं आपल्या माहेरच्या गावच्या उत्सवात तिनं हट्टानं स्वतःचं नाव चिठ्ठीत घातलं. इथल्या हॉलनं नाकारलं ना, मग तिथला देव बघून घेईल. बेटावर उत्सव संपता संपता पुढच्या वर्षाच्या चिठ्ठ्या निघतात, आणि पहिल्या आठवड्याचा मान ज्याला मिळतो त्याच्याच घरी मुकुट पुढच्या ईस्टरपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर राहतो. ती पहिली चिठ्ठी निघाली इदालिनाची.

आता आलेला मुकुट परत कसा करायचा? आमच्यात तसं कुणी केलेलं मी तरी ऐकलं नाही. आणि एकटा ठेवून तरी कसा जायचा? रोज संध्याकाळी दिवा कोण लावणार? इदालिना राहिली.

मी फोन करून तिला सावध केलं होतं. परदेशात सहा महिन्यांच्या आत राहून परतलात तर सहसा कुणी काही विचारत नाही. सहा महिने उलटले की नागरिकत्व मागताना संशय तुमच्यावर. इथलं घर मोडलं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. आणि वर्ष उलटलं तर इथल्या मुक्कामाची आधीची वर्षं धुतली जातात, पुन्हा नव्यानं मोजायला लागा. हे सगळं मला माझ्या मेहुण्याच्या अनुभवावरून ठाऊक, त्याची गोष्ट वेगळी आहे, ती सांगायला बसलो तर ही राहील.

"दादा, नागरिक कुणाला व्हायचंय?" इदालिना म्हणाली. "माझं ग्रीनकार्ड आहे तेवढं पुरे."

ती सबंध उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा तिकडंच राहिली. इकडं ग्वाल्तेरला रान मोकळं मिळालं. मांडवाचे खांब कुजलेत, दुरुस्तीचा निम्मा खर्च वहिनीनं द्यावा, नाहीतर वेल तोडतो, म्हणून तो कोर्टात गेला. इदालिनानं बेटावरूनच वकील केला आणि वेलाचं एक पान तोडलंस तर याद राख असा निरोप माझ्या तोंडून पाठवला. कोर्टात तिच्या वकिलानं मुद्दा काढला की बाई इथं नाहीच, तर मांडव वापरतं कोण? तेव्हा ग्वाल्तेरनं शपथेवर सांगितलं की वहिनी कुठंही गेलेली नाही, उत्सवासाठी गेलीय, घर तिचं, सामान तिचं, भाडेकरू ठेवलेला नाही, आणि ती परत येणारच, कारण मला छळल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. न्यायाधीशानं खर्च निम्मा निम्मा केला आणि वेल तोडू नका म्हणून सांगितलं. दोघंही हरल्यासारखे चरफडले.

वर्ष पुरं व्हायला महिनाभर असताना, ईस्टर उरकून इदालिना परतली. तोवर ग्वाल्तेर नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला होता. घरोघरी पत्रकं वाटत तो तिच्या फाटकाशी आला. हात पुढं केला, आणि मग मागं घेतला.

"विसरलोच, वहिनी. तुम्हाला मत कुठं आहे? कागद फुकट कशाला घालवू?"

सापाच्या शेपटीवर पाय पडावा तसं झालं. त्याच आठवड्यात इदालिनानं नागरिकत्वाचा अर्ज भरला. निवडणूक नोव्हेंबरात होती, आणि त्याआधी शपथ घेऊन मतदार यादीत नाव घालायचं होतं. तेवढंच तिच्या डोक्यात. जेवताना तेच, चर्चमधून येताना तेच.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा ती मला दुभाष्या म्हणून घेऊन गेली. तिच्या वयाला आणि ग्रीनकार्डच्या वर्षांना आपल्या भाषेत परीक्षा द्यायची सवलत होती. माझी शाळा गावातल्या चौथीपर्यंतची आणि इंग्रजी गिरणीतली. पण मला बोलायला सांगितलं की मी मागं सरत नाही.

समोरची अधिकारीण बारीक ओठांची होती. देशाबद्दलचे प्रश्न इदालिनानं फटाफट सोडवले. मग अधिकारिणीनं पासपोर्ट उघडला आणि बोट एका शिक्क्यावर ठेवलं.

"अकरा महिने तुम्ही बाहेर होतात. तेवढ्या काळात तुमचं घर तिथंच होतं असं मी का समजू नये?"

इदालिनानं मुकुटाची गोष्ट सांगितली. दिवा, जपमाळ, चिठ्ठी, सगळं. मी रंगवून भाषांतर केलं. अधिकारिणीच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

"मी श्रद्धेबद्दल विचारत नाही. घराबद्दल विचारतेय. इथं तुमचं कोण होतं?"

मुलं नाहीत, नवरा गेलेला, नोकरीतून निवृत्त. मी म्हटलं, संपलं. मग ती टेबलावर वाकली.

"दादा, हिला सांगा, इथं माझा वैरी होता. घर सोडून गेलेली बाई वैऱ्याशी कोर्टात भांडते का?"

मी सांगितलं. अधिकारिणीनं पहिल्यांदाच डोकं वर केलं आणि कसलं कोर्ट म्हणून विचारलं. इदालिनानं पिशवीतून मांडवाच्या खटल्याची कागदपत्रं काढून आपटली; मांडवाचं भांडण कुठंही निघालं तर हाताशी असावं म्हणून ती सगळी बरोबर घेऊनच ती फिरायची. अधिकारीण वाचत राहिली. ग्वाल्तेरची साक्ष तिनं दोनदा वाचली. मग कराच्या आणि हीटिंगच्या बिलांची चौकशी केली. ती इदालिनानं तिकडूनही वेळच्या वेळी भरली होती, कारण उशीर झाला तर ग्वाल्तेरला हसायला मिळालं असतं.

"हे गृहस्थ तुमचे कोण?" तिनं विचारलं.

"शत्रू," इदालिना म्हणाली.

"दीर," मी भाषांतर केलं.

अर्ज मंजूर झाला. बाहेर गाडीत बसल्यावर मी खूश होऊन हसत होतो, तर इदालिनाचा चेहरा ढगाळ. मग एकदम म्हणाली, "म्हणजे मी त्या माणसाच्या शपथेवर नागरिक होणार? त्याच्या उपकारावर? गाडी वळवा. अर्ज मागं घेते."

गंमत करत नव्हती. दाराच्या कडीवर हात होता तिचा. मी गाडी वळवली नाही. म्हटलं, "उपकार वाटत असतील तर फेड. मत त्यालाच दे."

यावर ती मला जे म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही; पण अर्ज राहिला. ऑक्टोबरात तिनं शपथ घेतली, आणि बाहेर आल्याबरोबर मतदार यादीत नाव घातलं. माझ्या पोटात काही राहत नाही, त्यामुळं ग्वाल्तेरला कुणाच्या साक्षीनं काम झालं हे संध्याकाळच्या आत कळलं. त्या माणसाचा चेहरा बघायला मी मुद्दाम कॉफी प्यायला त्याच्याकडं गेलो होतो. त्यानं कॉफीत साखर घातली, ढवळली, आणि पुन्हा साखर घातली.

निवडणुकीच्या दिवशी तो मतदान केंद्रापासून नियमाच्या अंतरावर फलक घेऊन उभा होता. थंडी मरणाची. इदालिना चर्चचा चांगला कोट घालून आली.

"वहिनी," तो म्हणाला, आणि यावेळी आवाज जरा मऊ होता, "माझ्या शपथेमुळं तुम्हाला हे मिळालं. निदान आज तरी माझी आठवण ठेवा."

"तुमच्यासाठीच तर आलेय, भाऊजी," ती म्हणाली, आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा गालांवर रंग चढला होता. तिनं कुणाला मत दिलं हे कुणी विचारलं नाही, तिनं मात्र सगळ्यांना सांगितलं.

रात्री निकाल लागला. ग्वाल्तेर चांगल्या फरकानं निवडून आला. मी सकाळी तिला धीर द्यायला म्हणून निघालो, तर ती परसात मांडवाखाली उभी. ग्वाल्तेरच्या खिडकीकडं तोंड करून, कमरेवर हात ठेवून.

"भाऊजी, आजवर मी तुम्हाला शेजारीण म्हणून बोलत होते," ती ओरडून सांगत होती. "आता तुम्ही माझे नोकर. पगार माझ्या करातून. ऐकून घ्यायचं."

खिडकी धाडकन बंद झाली. इदालिनानं मग आवाज आणखी चढवला.