केसातला कापूस

माझ्या केसात अडकलेला कापूस त्या पोरीनं दोन बोटांनी उचलला, उजेडात धरून बघितला आणि तिच्या बाईंना विचारलं, "मिस, हा पण सॅम्पल म्हणून चालेल?"

"चालेल की. पाऊचमध्ये ठेव आणि लेबल लाव."

दाबलं की बंद होणारी छोटी पारदर्शक पिशवी होती. तिनं कापूस आत घातला, वर स्केचपेननं लिहिलं, 'कापूस'. माझं नाव तिनं अजून विचारलं नव्हतं.

मी तेव्हा चौथीत होते. तीही चौथीतच. मी महापालिकेच्या शाळेतली, ती बसमधून आलेल्या शाळेतली. आमच्या गल्लीत ती बस मावेना. ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून अब्बांना विचारत होता, "पावणं, हितनं वळंल का वो गाडी?" अब्बा गल्लीतल्या सायकली बाजूला सारत होते. शेवटी बस कोपऱ्यावरच थांबली आणि पोरं रांगेनं चालत आली.

आम्ही पिंजारी. शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत अब्बांचं गाद्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं आम्ही. कापूस आमच्या भाकरीतही सापडायचा. त्या शाळेत बालवाडीच्या पोरांना दुपारी झोपायला गाद्या लागणार होत्या, आणि ती ऑर्डर अब्बांना मिळणार असं ठरत आलं होतं. त्यातच निरोप आला. चौथीची मुलं इतिहास आणि नागरिकशास्त्र प्रत्यक्ष अनुभवातून शिकतायत, जुने व्यवसाय बघायला येतील, चालेल ना? अब्बा म्हणाले, चालतंय की. ऑर्डर तोंडावर असताना दुसरं काय म्हणणार?

मी शाळा बुडवून घरी थांबले. पण अंगात युनिफॉर्म घातला. आदल्या दिवशी अम्मीकडून धुऊन घेतला, गादीखाली ठेवून त्याच्या घड्या बसवल्या, तेल लावून दोन वेण्या घातल्या. शाळेची पोरं येणार, तर आपणही शाळेतलीच दिसावं, एवढाच माझा हिशेब होता.

मिस आत आल्या, मागोमाग त्यांचा फोटोवाला. भिंतीवर आजोबांची धनुकली टांगलेली होती, कापूस पिंजायची. मशिन आल्यापासून तिला कुणी हात लावत नव्हतं. मिसनी ती खाली काढायला लावली. मशिनवर चादर टाकायला लावली. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"ही तुमची मुलगी का? तिला बसवा ना कापसाजवळ. हातात काठी द्या. फोटो छान येईल." मग त्या जरा वाकून गोड आवाजात मला म्हणाल्या, "युनिफॉर्ममध्ये नको हं बाळा. घरातले कपडे घालून ये. खरं वाटायला पाहिजे."

मी अब्बांकडं बघितलं.

"बदलून ये की," अब्बा म्हणाले. "मॅडम म्हणत्यात न्हवं?"

मी आत गेले. अम्मी भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "क्या हुआ गे?" मी युनिफॉर्म काढला, खुंटीला लावला. बगलेत उसवलेला फ्रॉक घातला. बाहेर आले तशा मिस खूश झाल्या. आता मी खरी वाटत होते.

एक गोष्ट झाकून ठेवायची नाही म्हणून सांगते. त्या बाईंचा राग मला फार नंतर आला. त्या दिवशी माझ्या पोटात होता तो हेवा. नुसता हेवा. त्या पोरांच्या गळ्यात दोरीनं अडकवलेल्या पाट्या होत्या, त्यावर चिमट्यानं कागद लावलेले. ज्याला वाटेल तो वाटेल तिथं उभा राहून लिहीत होता. आमच्या वर्गात जागेवरून उठलं तरी छडी. ही पोरं चालता चालता शिकत होती!

आणि ती कापूसवाली पोरगी. ती माझ्यासमोर गुडघ्यावर बसली तेव्हा मला तिचं बोट दिसलं. डाव्या हाताचं. नखापासून खाली काळी रेघ.

"मतदान केलंस?" मी विचारलं.

"हो. आमच्या स्कूलमध्ये इलेक्शन होतं. पडद्यामागे जायचं आणि शिक्का मारायचा. कुणी बघायचं नाही, मिसनी पण नाही."

"खरा पडदा?"

"खरा."

आमच्या शाळेत नागरिकशास्त्र म्हणजे बाई एक ओळ वाचायच्या, आम्ही सगळे मागून म्हणायचो. 'मतदान गुप्त असते.' मला ते तोंडपाठ होतं. पण गुप्त म्हणजे कुणापासून, हे मला त्या पोरीच्या बोटाकडं बघून पहिल्यांदा कळलं. तिच्या बाईंनाही कळू नये असं काहीतरी तिच्याजवळ होतं.

"आणि मागच्या आठवड्यात आम्ही पन्हाळ्याला गेलो होतो," ती आपणहून म्हणाली. तिला सांगायला आवडत होतं, वाईट नव्हती पोरगी. "अंबारखान्यात मिसनी आम्हाला ओरडायला सांगितलं. आवाज परत येतो. मी माझं नाव ओरडले."

पन्हाळा! वेढ्याचा धडा मला पुस्तक न बघता येत होता. पाऊस, चिखल, पालखी, सगळं मी घडाघडा म्हणून दाखवायचे, बाई दुसऱ्या वर्गात नेऊन माझ्याकडून म्हणून घ्यायच्या. पण पन्हाळा मी बघितला नव्हता. शाहूपुरीतून एसटीत बसलं की तासाभरात पन्हाळा, आणि मला तो पुस्तकातल्या चित्राएवढाच माहीत. गडाचं धान्य जिथं साठवायचे तिथल्या भिंतींनी या पोरीचं नाव घेतलं होतं. माझ्या धड्यातला गड तिला ओळखत होता.

मला वाटलं, हिचा घसा बसावा. हिची शाई पुसली जावी. हिची ती बस कोपऱ्यावरच पंक्चर व्हावी. असं सगळं वाटलं, आणि तोंडानं मी हसत होते, कारण फोटो चालला होता.

त्यानंतर तिनं माझ्या केसातला कापूस उचलला. मग कागदावरचे प्रश्न सुरू झाले.

"तुला हे काम आवडतं का?"

मी मान हलवली. तिनं खूण केली.

"तू मोठी होऊन काय होणार?"

मी विचार करत होते. खरंच करत होते, कारण हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. तोंड उघडलं तेवढ्यात मागून मिस म्हणाल्या, "वडिलांचाच व्यवसाय, असं लिहा. पारंपरिक आहे ना तो." तिनं लिहिलं. माझ्या तोंडातलं उत्तर तोंडातच राहिलं.

मग मी म्हटलं, "आता मी विचारू? अंबारखान्यात आवाज कितीदा परत येतो?"

पोरीचा चेहरा फुलला. ती सांगणारच होती. मिसनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज प्रश्न आपण विचारायचे आहेत. त्यांनी नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. एक शब्द इकडचा तिकडं नाही. 'आपण' म्हणजे ती रांग. 'त्यांनी' म्हणजे मी, अब्बा, आजोबांची धनुकली. पोरगी शहाणी होती, ऐकलं तिनं.

मी काठी खाली ठेवली. उठले.

"माझा कापूस दे."

"काय?"

"माझ्या डोक्यातला हाय त्यो. दे."

मिस हसल्या. "अगं, एवढासा तर आहे."

"एवढासा असू दे. माझा हाय."

"ए, काय लावलंयस?" अब्बा ओरडले. "आत हो! मॅडम, पोरगं हाय, मनावर घिऊ नका." मला अजून आठवतं, अब्बांच्या हातात ती धनुकली होती आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. त्यांच्याकडं बघून माझा जीव तुटत होता. तरी मी हात पुढं केलेलाच ठेवला. पोरीनं एकदा मिसकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. आणि शाईच्या बोटानं ती पिशवी माझ्या हातावर ठेवली.

मी आत गेले. फ्रॉक काढून फेकला. युनिफॉर्म घातला, वरचं बटणसुद्धा लावलं, आणि दुकानाच्या पायरीवर येऊन मधोमध उभी राहिले. मिसनी फोटोवाल्याला थांबवलं. मी हलेना, म्हणून त्यांनी अब्बांना गल्लीत नेऊन त्यांचा एकट्याचा फोटो काढला. धनुकलीसकट.

गाद्यांची ऑर्डर दुसरीकडं गेली. माझ्यामुळं गेली असं अब्बा कधी म्हणाले नाहीत. पण बरेच दिवस ते माझ्याशी अम्मीमार्फत बोलत होते. "तिला सांग, पाणी आण." मी पाणी आणायचे. माफी मात्र मागितली नाही. अब्बा आता नाहीत. आजही मागणार नाही.

आता मी शिक्षिका आहे. महापालिकेच्याच शाळेत, चौथीलाच. माझ्या वर्गात आम्ही निवडणूक घेतो. पडदा खरा असतो, अब्बांच्या दुकानात उरलेल्या गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा. पडद्यामागं मी बघत नाही. शाळेच्या नळाला पाणी नव्हतं तेव्हा पोरं वॉर्ड ऑफिसात जाऊन साहेबांपुढं उभी राहिली, आणि साहेबांनी विचारायच्या आधी त्यांनी विचारलं. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी पोरांना घेऊन एसटीनं पन्हाळ्याला गेले. अंबारखान्यात पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. मीही ओरडले, माझं नाव. आवाज परत आला.

लोकांना वाटतं, तिथं माझं मन शांत झालं असेल. अजिबात नाही. त्या पोरीला चौथीत मिळालेला आवाज मला नोकरी लागल्यावर मिळाला, तोही स्वतः पोरांना घेऊन गेले म्हणून. मी तिथं उभी राहून पुन्हा तिचा हेवा केला.

मागच्या महिन्यात शाळेत फोन आला. एक मोठी शाळा. नाव सांगत नाही, पण बस तशीच असणार. तिकडच्या मॅडम म्हणाल्या, "आमच्या चौथीच्या मुलांना तुमची शाळा अनुभवायची आहे. नागरिकशास्त्राचा प्रकल्प आहे. मुलांना साधेपणा कळेल. तुमच्या मुलांना आम्ही भेटवस्तू आणू."

मी म्हटलं, "या की. पण आधी आमची मुलं तुमच्याकडं येतील. कागद-पेन्सिल घेऊन. प्रश्न ती विचारतील."

पलीकडून उत्तर आलं, "तसं आमच्याकडे करत नाहीत."

"मग आमच्याकडं पण करत न्हाईत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांनी तोंडातून गल्लीतली भाषा आली, आणि मला ती गोड वाटली.

मुख्याध्यापक चिडले. "मॅडम, दप्तरं मिळाली असती पोरांना. तुमच्या अहंकारापायी घालवली."

अहंकार नाही सर, हेवा. तो मी त्यांच्यापुढं कबूल केला. मला त्यांच्या बसचा हेवा वाटतो, पाट्यांचा वाटतो, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या विचारण्याचा वाटतो. हा हेवा वाईट आहे असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं. आता मी तो सोडणार नाही. हेवा गेला की पोरगी काठी हातात घेऊन फोटोला बसते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळं सांगितलं आणि म्हटलं, त्या शाळेत गेलात तर काय विचाराल? मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. वडील तिचे हमाली करतात. म्हणाली, "बाई, त्येंला आमाला बघायला यायचं हाय, तर मग आमच्या शेजारी बसून शिकायला का न्हाय येत?"

मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि पुसू दिला नाही.

मॅडम बोलावणार नाहीत, माहीत आहे. आम्ही तरी जाणार आहोत. आधी पत्र देऊ, मग पुन्हा देऊ, मग सिटी बसनं जाऊन त्यांच्या गेटवर उभे राहू. वॉचमननं विचारलं, तर माझी पोरं आधी त्यालाच प्रश्न विचारतील. फोटो काढायचा असेल त्यानं खुशाल काढावा. सगळी पोरं युनिफॉर्ममध्ये असतील.