कांचघरच्या रेखाताई आणि मेक्सिकोची कादंबरी

इटारसी मागे पडली, तशी खिडकीबाहेर गहू-हरभऱ्याची शेतं सुरू झाली आणि मी पिशवीतून पुस्तक काढलं. पुण्यात मी स्पॅनिश शिकवते. मेक्सिकोतल्या एका कादंबरीचा माझा मराठी अनुवाद जबलपूरच्या काही मराठी बायका मिळून वाचत होत्या. ‘शेवटच्या प्रकरणाला तुम्हीच या,’ असं त्यांनी कळवलं आणि मी निघाले.

जबलपूरच्या अलीकडच्या मदनमहल स्टेशनवर उतरायचं होतं. डुलकी लागली आणि थेट जबलपूर स्टेशन आलं. ऑटोनं परत मागे राइट टाउनला पोचले, तर जिच्याकडे उतरणार होते त्या वाचनगटातल्या मंदाकाकू फाटकात उभ्या. “काहून (का) हो, झोप लागली होती का?” म्हणत त्यांनी खोवा जलेबी (खव्याची जाड, काळपट जिलबी) समोर ठेवली. एक खाल्ली की जेवणाची गरज उरत नाही.

दुपारी त्यांच्याच बैठकीत वाचन झालं. तिथल्या तरुण मुलींना मराठी समजतं, वाचताना मात्र त्या अडखळतात. म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायचं. त्या दिवशी पाळी रेखाताईंची होती. संरक्षण कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, विधवा, शहरातल्या कांचघर भागात मुलगा-सुनेजवळ राहणाऱ्या. सून पल्लवी शेजारीच बसली होती.

कादंबरीची नायिका कपडे शिवून पोट भरणारी विधवा. पन्नाशीत प्रेमात पडते आणि गावाची कुजबुज सोसेना म्हणून पहाटेच त्या माणसाबरोबर निघून जाते.

“पोरांचा तरी विचार करायचा न तिनं,” मंदाकाकू म्हणाल्या.

“पोरं मोठी झाली न तिची,” रेखाताईंनी पुस्तक मिटलं. “मला तर पळून गेल्याचाच राग येऊन राहिला. प्रेम केलं, चोरी थोडीच केली? मी दिवसाउजेडी गेली असती.”

पल्लवीनं हळूच विचारलं, “मम्मी, आप किताब की बात कर रही हैं ना?”

“नाही बेटा. माझी करून राहिली.”

मग त्यांनी सरळ सांगितलं. ऑफिसातले जुने सहकारी चौबेजी आता जबलपूरजवळच्या शहपुऱ्याला शेती पाहतात, एकटे आहेत. दोघांनी लग्न करायचं ठरवलं आहे. पल्लवी उठली, “इनसे (नवऱ्याला) मैं क्या कहूँगी?” एवढं म्हणून स्कूटर घेऊन निघून गेली. रेखाताईंनी कप उचलला. चहा त्यांनी पुरता संपवला.

“माझ्या पुस्तकामुळे तर नाही ना?” मी घाबरून विचारलं.

“अच्छा! पुस्तकावर काहून ढकलू? ठरवलं आधीच होतं. बोलायला जागा पाहिजे होती, ती भेटली.”

दुसऱ्या दिवशी त्या मला शहपुऱ्याला घेऊन गेल्या. बाजारात मटाराचे हिरवे ढीग लागले होते. चौबेजींनी अंगणात खाट टाकली आणि मीठ घालून उकडलेल्या शेंगा दिल्या. आम्ही सोलत होतो, तोच मोटरसायकल थांबली. रेखाताईंचा मुलगा आणि मागे पल्लवी.

“आई, घरी चल. लोक काय म्हणतील?”

“तू काय म्हणतो, ते सांग. लोकांचं मी पाहून घेईन.”

तो मोटरसायकलकडे वळला. मग किक मारून म्हणाला, “पल्लवी, चलो.”

“आप चलिए,” ती खाटेवर सासूशेजारी टेकली. “मैं मम्मी के साथ बस से आऊँगी।”

तो एकटाच गेला. चौबेजींनी शेंगांचं ताट पल्लवीपुढे सरकवलं.

पुण्यात लोक मला विचारतात, स्पेन-मेक्सिकोतल्या बायकांची प्रेमं वाचून आपल्याला काय मिळणार? पूर्वी मी त्यावर लांबलचक बोलत असे. जबलपूरहून परतल्यावर एवढंच सांगते, की परक्या गावातल्या बाईबद्दल बोलता बोलता एखादीला स्वतःबद्दल बोलता येतं, आणि एकदा बोललेलं मागे घ्यावं लागत नाही.

परवा रेखाताईंचा फोन आला. लग्नाची तारीख ठरली. मुलगा अजून बोलत नाही.

“येईल का तो?” मी विचारलं.

“चौबेजीला नमस्कार करणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण जेवायला येईल. बाकी मग पाहू.”