उस्तादांचा उणे एक

चहाचा कप खाली ठेवला, तरी तो टेबलावर नीट टेकला की नाही, हे उस्ताद बोटाने चाचपून पाहत. दिग्रसच्या एका कापूस जिनिंगमध्ये वजनकाट्याचा प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. मी त्यांच्या हाताखाली. त्यांच्या घरात डिझेल इंजिनं दुरुस्त करण्याचा धंदा. दुरुस्त झालेल्या इंजिनावर जास्त संशय घ्यावा, हे ते तिथेच शिकले.

प्रत्येक गाडीचं वजन तिच्या फाईलमध्ये जाई. फाईल उघडली की संगणक तिला एक नंबर देतो. ती बंद केली की तोच नंबर पुढच्या फाईलला मिळतो. आमच्या फाटकावरच्या पितळी बिल्ल्यांसारखंच. एका गाडीने परत केलेला बिल्ला घेऊन दुसरी आत येई.

"फाईल उघडली म्हनतं. पाह्यलं का तुनं?" उस्ताद विचारत. "अन् बंद केल्यावर नंबर पुसला का? तिथं उणे एक लिहीत जाय, तो नंबर कोन्याच फाईलले भेटत नाही. जुना बिल्ला खिशात ठेवशीन, तं दुसऱ्याच्या गाडीत हात घालशीन."

कापसाचे भाव पडलेले. आलेला प्रत्येक जण काट्याकडे चोराकडे पाहावं तसा पाही. एका दुपारी काटा अडखळला, पुन्हा सुरू झाला, आणि भरगच्च गाडीच्या पावतीवर आधीच्या छोट्या गाडीचं वजन छापून आलं. लोकांनी काटेवाल्या गजाननची कॉलर धरली.

"काहून बे, कोनाचे खाल्ले?"

"उद्यापासून येऊ नको," मालक म्हणाले. माझीही नजर गजाननच्या खिशाकडे गेली.

उस्ताद मात्र स्क्रीनपुढे बसले होते. उठून बाहेर आले. "सोडा त्याले. चोर माह्या प्रोग्रामात हाय."

काटा अडखळताच प्रोग्रामने फाईल बंद केली होती. पण तेवढ्या एका जागी उस्ताद नंबर पुसायला विसरले होते. तोच नंबर पुढच्या गाडीला मिळाला, आणि काटा सुरू होताच प्रोग्रामने आधीच्या गाडीचं अडकलेलं वजन जुन्या नंबरावर लिहिलं; ते तिच्या फाईलमध्ये गेलं.

"उस्ताद, विजेची लाईन गेलती म्हना ना," मी कुजबुजलो.

"लाईनची बदनामी कायले, भाऊ? पुसलं म्या नाही."

गजानन राहिला, उस्तादांची नोकरी गेली. मालकांनी त्यांची खुर्ची मला देऊ केली, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी मी हो म्हणालो. पुसदच्या एसटीत चढताना उस्ताद एवढंच बोलले, "माह्यं सारं तपासजो. माह्या नावावर भरोसा ठेवू नको."

मी तपासलं. आजही प्रत्येक फाईल बंद केली की तिच्या नंबराच्या जागी उणे एक लिहितो.

काही वर्षांनी त्यांचा फोन आला. गजानन तेव्हा आजारपणामुळे महिनाभर कामावर नव्हता.

"गजानन कसा हाय, भाऊ?"

"बरा असेल."

"असेल?" उस्ताद म्हणाले. "पाह्यलं का तुनं?"

फोन ठेवला आणि त्याच खुर्चीतून उठून मी गजाननच्या घराकडे निघालो.