दोनशे तीस भागिले एक हजार

औशाच्या शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. त्या दिवशी उन्हाळी वर्गात ओहमचा नियम चालला होता. इस्त्रीचं गणित झालं: दोनशे तीस व्होल्ट, दोन अँपिअर, म्हणून रोध एकशे पंधरा ओहम आणि शक्ती चारशे साठ वॅट. पोरं पेंगत होती. एका मुलीनं विचारलं, माणसाचा रोध किती असतो? चला, कुणीतरी जागं आहे, असं वाटून मला बरं वाटलं. कोरड्या कातडीचा भरपूर असतो, मी म्हणाले, पण ओल्या अंगाचा उतरून हजार ओहमवरही येतो. फळ्यावर भागाकार केला. शून्य पूर्णांक तेवीस अँपिअर. याच्या निम्म्यानंसुद्धा हृदय बंद पडू शकतं, हे सांगता सांगता मला घरचा कूलर आठवला.

लातूरच्या घरातला आमचा पत्र्याचा कूलर काही दिवसांपासून चावत होता, हात लागला की बारीक झटका द्यायचा. आई ते कौतुकानं सांगायची, "मुंग्या येतात नुसत्या." मिस्त्री रविवारी येणार होता. तोवर प्लग काढल्याशिवाय हात लावू नकोस, असं मी बजावलं होतं आणि ती "हाव" म्हणाली होती. आईचं हाव म्हणजे ऐकलं, एवढंच.

त्यातून तो नळाचा दिवस. आमच्याकडे पाणी कितीतरी दिवसांनी येतं, आणि आलं की हंडे, बादल्या, टाकी आणि शेवटी कूलर, सगळं एकाच पाइपनं भरून घ्यायचं. त्या काहिलीत कूलर बंद करून पाणी भरणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. तास संपल्यावर फोन लावला. आईनं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मुख्याध्यापकांना काहीतरी सांगून मी एसटीत बसले. नको नको म्हणताना डोक्यानं शक्तीही काढली: त्रेपन्न वॅट. एका साध्या बल्बाएवढी. माझी आई एवढ्यात संपू शकते.

फाटक उघडलं तर घराच्या बाजूच्या बोळात आई उभी. अनवाणी, साडी खोचलेली, फरशीवर पाणीच पाणी, आणि पुढ्यात खिडकीला लावलेला कूलर घरघर चालू. ती पाइप ओढत त्याच्याकडेच निघाली होती. तिचे गुडघे धरलेत, पाऊल उचललं की तिला कशाचा तरी आधार लागतो. हाक मारावी, तर दचकून ती कूलरच धरेल. मेन स्विच फाटकाशेजारी मीटरखाली होता. मी खटका खाली ओढला.

पंखा मंदावला. "गेली का लाईट," आई पुटपुटली, आणि ओला तळवा कूलरच्या पत्र्यावर टेकवून, सगळा भार त्यावर देऊन तिनं पाइप आत सोडला.

मग तिला मी दिसले. "लवकर कशी आलीस गं? ये, पाइप धरू लाग जरा."

मला जाता येईना. खटका पडलेला होता, तरी मी तो दोन्ही हातांनी खाली दाबून उभी होते.