चढ आला, उतरते मी

मंडळी, दुपारपासून मन लागत नाही, म्हणून लिहितोय.

नव्वदीच्या आत्याचे डोळे डॉक्टरांना दाखवून तिला ऑटोने घरी आणत होतो. वाशीम एवढं वाढलंय की प्रत्येक चौकात अडकलो. माझी चिडचिड चालूच होती. रेल्वेवरच्या पुलाचा चढ लागला, तशी आत्या ड्रायव्हर सलीमभाऊंना म्हणाली, "थांब रे बापू, चढ आला. उतरते मी."

"अवं आत्या, हा ऑटो आहे, बैलगाडी नाय!" मी वैतागून म्हणालो.

"मंग काय झालं? त्यालेबी दम लागते ना."

मग तिनं सांगितलं: तिच्या लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत, पेट्रोल मिळत नव्हतं. केनवडहून वाशीमला येणारी मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की सगळे उतरायचे. लहानगी आत्याही वडिलांचं बोट धरून पायी चढायची. ते म्हणायचे, "इतकं दूर आनलं तिनं आपल्याले, आता थोडं आपन चालू."

सलीमभाऊ हसले नाहीत. "बसून राय माय. याले दम लागला तं सांगतो तुले."

घर आलं. आमच्या दारात तीन उंच पायऱ्या आहेत. मी फोन बघत होतो, तोवर सलीमभाऊ उतरून आत्याचा हात धरून उभे.

"चढ आला माय, म्हनून मी उतरलो."

आणि मी, तिचा सख्खा भाचा, अजून आतच बसून होतो.