चालू गाडीचा मुराळी

…तर ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा, इथवर काल आलो होतो. वायपरचं राहिलं. डावा इंडिकेटर लावला की उखाच्या गाडीचा वायपर एकदा हलायचा, रामराम घातल्यासारखा. एकवीस वर्षांची लहानशी गाडी, अर्थिंग कुठंतरी ढिलं. उखा म्हणायचा, "बोलतेय ना? मग जिवंत आहे."

लिंबायतच्या कापड कारखान्यांत तीस वर्षं त्यानं जॉबर म्हणून माग दुरुस्त केले. चालता माग बंद करायचा नाही, एवढंच त्याचं शास्त्र. ते त्यानं गाडीलाही लावलं, कारण इंजिन तापलं की सेल्फ उचलायचा नाही, नुसता टिकटिक करायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला बाप नाहीतर भाऊ मुराळी होऊन जातो. उखाची गायत्री कामरेजला दिलेली. गेल्या आखाजीला बापलेक हायवेच्या कडेला बॉनेट उघडून बसले आणि इकडे खापरावरच्या पुरणपोळ्या शिळ्या झाल्या. तेव्हाच विहीण मालतीबाईंनी बजावलं होतं, पुढल्या साली गाडी धड दिसली तरच पोर पाठवीन.

"कसाले लई जातस हाऊ डबा? रिक्षा करा ना!" बायको उषाबाई गाडीकडे बोट दाखवून म्हणाली.

"गेल्या साली डब्यानं नाक कापलं. ते रिक्षानं जोडलं जात नाही."

निघाला. बाहेर बेचाळीस डिग्री. काटा लाल रेघेकडे सरकला तसा उखानं हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची आग गाडीत ओढून घेतली की इंजिन शांत होतं. उखाचं काय होतं, हे इंजिन विचारत नाही. कामरेजला तो उतरला तेव्हा तापीत बुडी मारून आल्यासारखा ओला होता.

गाडी त्यानं दारात चालूच ठेवली.

मालतीबाई ओट्यावर आल्या. "काय हो व्याही, पार्सल उचलायला आलात का? इंजिन चालू ठेवून कुणी दारात उभं राहतं?"

"तापलीय जरा. थांबवायला नको."

"बंद करा. चहा घ्या. मग चालू करून दाखवा."

उखानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. चहा झाला, त्यात साखर होती की नाही, त्याला आजही सांगता येत नाही. गायत्री पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बापाकडे बघतच नव्हती.

मग त्यानं सेल्फ मारला. टिक. पुन्हा मारला. टिक.

गायत्रीनं पिशवी खाली ठेवली.

"धक्का दिला तर होईल," उखा पुटपुटला. "पण लेकीच्या सासरी धक्का मागायचा म्हणजे…"

मालतीबाईंनी गल्लीत पाहिलं. भर दुपार, चिटपाखरू नाही. "बंद मीच करायला लावली," त्या म्हणाल्या. पदर कमरेला खोचला आणि सुनेवर ओरडल्या, "बघतेस काय? लाव हात!"

सासू-सुनेनं गाडी रेटली. सेकंड गिअरमध्ये उखानं क्लच सोडला. दोन आचके बसले आणि इंजिनानं जीव धरला. त्यानं ब्रेक दाबला, तेव्हा झोपलेल्या गल्लीलाही बातमी कळली. गायत्री पिशवी घेऊन धावली आणि आत बसली.

मालतीबाई धापा टाकत खिडकीशी आल्या. "नेताय खरं. पण परत कशी आणणार हिला? याच खटाऱ्यातून?"

उखानं हीटर चालू केला आणि म्हणाला, "विहीणबाई, हिला नेताना बंद पडू नये म्हणून सप्तशृंगीला नारळ बोललोय. परत आणतानाचं मी काही बोललेलो नाही."