वजन उतरवलेला पैलवान

तुयेच्या कारखान्यात मी हंगामी कामगार होतो, आणि माझ्याच पाळीत बेळगावकडचा एक पैलवान होता. दोघांनाही कायम व्हायचं होतं आणि जागा एकच होती. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून तेच आधी सांगतो.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. भाषेच्या भांडणातल्या घोषणा कारखान्याच्या कुंपणावर अजून तशाच होत्या. कोकणीवाले कोण आणि मराठीवाले कोण, यावरून जेवणाच्या सुट्टीत तोंडं फुगायची. बेळगाव-कोल्हापूरकडून पोटासाठी आलेल्यांना मात्र दोन्ही बाजू एकमताने 'घाटी' म्हणत. मीही म्हणायचो. राज्य झाल्याला वर्ष पुरं होणार म्हणून मे अखेरीला तालुक्यात लांब पल्ल्याची शर्यत ठरली. पेडण्याहून निघायचं, कोरगावची चढण चढून, वळसा घालून परत पेडण्याला यायचं. आमच्या मॅनेजरला कारखान्याचं नाव पेपरात बघायची फार हौस. त्याने आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, दोघांत जो आधी पोचेल तो कायम.

मी कोरगावचा. लहानपणापासून काजूच्या डोंगरावर टोपली घेऊन वर-खाली केलेलं, त्यामुळे अंगावर मांस म्हणून कधी धरलंच नाही. पोटऱ्या तेवढ्या घट्ट. सकाळी उठायचं, डोंगराच्या माथ्यापर्यंत एकदा धावून यायचं, पेज जेवायची आणि कामावर जायचं. याला सराव म्हणतात हे मला शर्यत ठरेपर्यंत ठाऊक नव्हतं.

पैलवानाचं सगळंच उलट. मान खांद्यात रुतलेली, कान मोडलेले, मांड्या एकमेकींना घासायच्या. दोन माणसांनी हलवायचं पिंप तो एकटा उचलायचा. खोलीतल्या सिमेंटच्या जमिनीवर पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका काढायचा, तेल चोळायचा, भिजवलेले शेंगदाणे खायचा, दूध प्यायचा. धावायला लागला की रस्ता कुटत चालल्यासारखा वाटायचा आणि मैलभरात त्याच्या छातीचा भाता व्हायचा. मी पोट धरून हसायचो.

शर्यतीत आणखीही तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. नारळ पाडणारा एक पाडेली होता, ज्याच्या पायांची बोटं पंख्यासारखी फाकलेली. सुर्ल्याचा एकजण खाणीच्या रस्त्यावर सराव करायचा. खनिजाने भरलेले ट्रक चढावर रांगत जातात, त्यांच्या मागे तोंडाला ओलं फडकं बांधून तो धावायचा, आणि थुंकला की लाल थुंकायचा. छाती एवढीशी, पण गेली दोन वर्षं कुठलीच शर्यत हरला नव्हता. त्याच्यासमोर आम्ही कुठेच नव्हतो. आमचं भांडण आमच्या दोघांतलं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत पैलवान माझ्याजवळ येऊन बसला.

"तुमी कसं काय एवढं हलकं पळता? मला शिकवा की."

मी उंडा पाव चहात बुडवत होतो. त्याच्या मांड्यांकडे बघून म्हटलं, "आधी वजन उतरय. हलको माणूस बेगीन धांवता. सांजचं जेवण सोड, दूध सोड."

मला वाटलं, हसेल आणि जाईल. पण तालमीत वस्तादाने सांगितलेलं कुणी विचारत बसत नाही, ते करायचं असतं. त्या दिवसापासून त्याने मला वस्ताद म्हणायला सुरुवात केली. पाळीतले लोक थट्टा करू लागले, तो करत नव्हता. दूध बंद, सांजचं जेवण बंद. सकाळी तुयेहून चालत कोरगावला येऊन माझ्याबरोबर डोंगर चढायचा. महिन्याभरात त्याची मान दिसायला लागली. गावाकडे बायको होती, एक मुलगी होती. कायम झालो की दोघींना इकडे आणणार, असं धापा टाकत मला सांगायचा.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात त्याने मला चढावर मागे टाकलं आणि माथ्यावर बसून माझी वाट बघत राहिला. मी पोचलो तेव्हा आनंदाने हसत होता, वस्तादाला दाखवायला. त्या दिवसापासून मी त्याला शिकवणं बंद केलं. काही विचारलं की म्हणायचो, चाललंय ते ठीक आहे.

शर्यतीच्या सकाळी घरून निघताना मी मीठ घालून दोन वाट्या पेज प्यालो होतो. मैदानात पैलवान भेटला. गाल आत गेलेले, ओठांवर पांढरी सालपटं.

"काल दुपारपास्नं पान्याचा थेंब घेतला न्हाई बघा," तो म्हणाला. "सांजचं घोंगडं पांघरून बॉयलरजवळ बसलो दोन तास. अंग कसं कापसावानी झालंय."

मला कळलं. गावाकडे कुस्तीच्या आदल्या दिवशी तो हेच करायचा, त्यानेच मला सांगितलं होतं. पण तिथे काट्यावर उभं राहायचं असतं, आणि काट्यावरून उतरलं की खायला-प्यायला मिळतं. इथे कुणी वजन करणार नव्हतं. मे महिन्याच्या उन्हात काजू वेचताना माझे वडील एकदा कोसळले होते, तेव्हा मिठाचं पाणी पाजून आम्ही त्यांना उठवलं होतं. तहानलेलं अंग उन्हात काय करतं हे मला त्या मैदानातल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. चार हातांवर पाण्याची बाल्दी होती आणि तिच्यावर पेला उपडा ठेवलेला होता.

मी म्हटलं, "बरं केलंस."

शर्यत सुटल्यापासून तो माझ्या पुढेच धावत होता. कोरगावच्या चढणीवर मी त्याला गाठलं. त्याचं अंग कोरडं ठणठणीत होतं, घाम नाही. पाय कधी डांबरावर, कधी मातीत पडत होते. मला बघून त्याने बाजू दिली. मी पुढे गेलो आणि मागे बघितलं नाही. सुर्ल्याचा पहिला आला, मी नववा. पैलवानाला एका टेंपोत घालून आणलं, तेव्हा तो शुद्धीवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला कायम केल्याचं सांगितलं. मी पेढे वाटले.

इस्पितळात मी चौथ्या दिवशी गेलो. आधी जायचं धैर्य झालं नाही, हे खरं. मूत्रपिंडं बंद पडली होती. चेहरा आणि हात सुजून तो पुन्हा पहिल्यासारखा जाडजूड दिसत होता. गावाहून आलेली बायको वर्तमानपत्राने वारा घालत होती. मी कोण हे तिला समजल्यावर ती उठून उभी राहिली आणि तिने मला स्टूल दिलं.

"कायम झालासा न्हवं?" त्याने विचारलं.

"होय."

"बेस झालं." मग थांबून म्हणाला, "माझंच चुकलं. तुमी जेवन कमी कर म्हनलासा. पानी सोड असं कुटं म्हनला हुतासा? म्याच शानपना केला. तुमच्या शिकवन्याला बट्टा लागला."

बोलायचं असतं तर तीच वेळ होती. त्याच्या बायकोसमोर, तो ऐकत असताना. मला आजही त्या स्टुलावर बसलेल्या माणसाची किळस येते.

"होय," मी म्हणालो. "जास्तच केलंस तू."

बायकोने त्याच्याकडे बघून हळूच म्हटलं, "ऐकायचं असतंय शान्या मानसाचं."

त्याने लहान मुलासारखी मान हलवली. पाच दिवसांनी तो गेला. त्या कारखान्यातून मी निवृत्त झालो. त्याची मुलगी आता चाळिशीत असेल, आणि तिच्या आईने तिला हेच सांगितलं असणार, की तुझ्या बापाला गोव्यात एक चांगला माणूस भेटला होता, पण बापाने त्याचं ऐकलं नाही.